कचऱ्याचा पत्ता
(इंदूरमधील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, परवा आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला. सकाळी कचऱ्याची गाडी आली, तेव्हा मी तो सरळ सुक्या कचऱ्यात टाकायला गेलो. गाडीवरचा पोरगा ओरडला, "काका, उसमें नहीं, इसमें!" गाडीला सहा कप्पे, आणि घातक कचऱ्याचा त्यातला एक. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या मास्तराला विशीतल्या पोरानं शिकवलं. मला आनंदच झाला. 2017 मध्ये देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात आपल्या इंदूरचा पहिला नंबर आला आणि मग येतच राहिला, तो उगीच नाही.

पण गाडी कोपऱ्यावरून वळली की कचरा संपला, असं आपण धरून चालतो. रसायनशास्त्रात काही संपत नाही. पत्ता तेवढा बदलतो.

पीथमपूर घ्या. इंदूरशेजारचं कारखान्यांचं गाव, आपल्या कितीतरी पोरांची भाकरी तिथली. भोपाळच्या वायुगळतीची ती रात्र 2-3 डिसेंबर 1984 ची. तिच्या धक्क्यानं 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, पण युनियन कार्बाइडच्या आवारातला कचरा चाळीस वर्षं तिथंच पडून राहिला. शेवटी हायकोर्टानं कान उपटले, तेव्हा 1 जानेवारी 2025 च्या रात्री 337 टन कचरा बारा कंटेनरांतून पीथमपूरला जाळायला निघाला. लोक रस्त्यावर उतरले. अधिकारी धुराचे आकडे दाखवत होते आणि लोक विचारत होते, भोपाळचं ओझं आमच्याच दारी का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कितीही चोख दिलंत, तरी दुसरा तसाच उरतो.

जूनअखेर सगळं जाळून झालं. आणि राख? जाळलेल्या कचऱ्याच्या दुपटीहून जास्त! कारण जाळताना त्यात चुना वगैरे मिसळावा लागतो. ती राख आता पुरायची, आणि पुरली की तिच्यावर पहारा ठेवायचा. किती वर्षं, ते विचारू नका.

आता आपल्या घरातली गोष्ट. नर्मदेचं पाणी 1978 मध्ये इंदुरात आलं. नर्मदाकाठच्या जलूदला उचलायचं, पंपांनी घाट चढवायचं आणि सत्तरेक किलोमीटर आणायचं. त्या पाण्यानं आपण अंघोळ करतो, भांडी घासतो आणि ते खान नदीत सोडतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी पुलावर दोन मिनिटं उभे राहा, म्हणजे वास सांगेल ते. शुद्धीकरणाचे प्रकल्प आहेत, कबीटखेडीचा तर चांगला मोठा आहे. पण तिथं खरं काम करतात जिवाणू. घरातली घाण ते आवडीनं खातात. कारखान्यातून रंग, क्षार, जड धातू आले, की खाणं राहिलं बाजूला, उलट जिवाणूच मरतात. म्हणून कारखान्याचं पाणी कारखान्याच्या दारातच साफ झालं पाहिजे. गटारात एकदा मिसळलं की ते वेगळं काढणं म्हणजे चहातून साखर काढणं.

ही खान पुढे उज्जैनच्या अलीकडे, त्रिवेणीला, शिप्रेला मिळते. शिप्रा उन्हाळ्यात आटते. सिंहस्थाचं स्नान कसं व्हायचं? मग 2014 मध्ये नर्मदेचं पाणी पाइपानं शिप्रेच्या उगमाकडे नेऊन सोडलं. आणि 2016 च्या सिंहस्थाआधी खानचं पाणी घाटांवर येऊ नये म्हणून एकोणीसेक किलोमीटरचा पाइप टाकून ते उज्जैनच्या खाली, कालियादेहजवळ सोडायची सोय केली. म्हणजे बघा, एक नर्मदा शिप्रेत पवित्र म्हणून आणायची, आणि दुसरी, आपण वापरलेली, तिच्यापासून लपवत न्यायची! कालियादेहच्या खालच्या गावांनी काय पाप केलं होतं, हे मात्र कुठल्या आराखड्यात नव्हतं.

आमची आत्या उज्जैनला गेली की रामघाटावरून तांब्यात पाणी भरून आणते, देवघरात ठेवते. एकदा सगळ्यांना तीर्थ देताना माझ्याही हातावर घातलं. मी जरा थांबलो. म्हणाली, "घे की, शिप्रेचं आहे." मी म्हटलं, "आत्या, यात बरंचसं नर्मदेचं असेल, आणि थोडं आपल्याच न्हाणीतलं."

तिनं एकदा तांब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "तू आधी तुझ्या न्हाणीतलं बघ."