किम, पण कुठले?

सोल शहराच्या मधोमध नामसान नावाची टेकडी आहे. तिच्यावरून दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या किमच्याच डोक्यात बसणार, असं कोरियात गमतीनं म्हणतात. गंमत फारशी खोटी नाही. २०१५ च्या जनगणनेत दक्षिण कोरियात एक कोटीहून जास्त किम भरले. दर पाचांत एक! त्यात ली आणि पार्क मिळवले, की जवळजवळ निम्मा देश तीन आडनावांत आटोपतो.

मग एवढ्या गर्दीत आपला किम ओळखायचा कसा? विचारायचं, "कुठले किम?" उत्तरात राहतं गाव सांगत नाहीत, मूळपुरुषाचं गाव सांगतात. त्याला म्हणतात बोनग्वान. गिम्हेचे किम, ग्योंगजूचे किम, ग्वांगसानचे किम. आपल्याकडे गाव आडनावातच येऊन बसतं, 'कर' लावून. तिथं ते आडनावाच्या मागे उभं असतं. विचारल्याशिवाय दिसत नाही.

ही सगळी कुळं ज्या वंशावळीत नोंदतात तिचं नाव जोकबो. जुनं जोकबो उघडलं की पानभर चिनी अक्षरं दिसतात, वरून खाली उतरणारी. मुलगा, नातू, पणतू. सुनेच्या जागी बघा. तिचं स्वतःचं नाव बहुधा सापडायचं नाही. ती कुठल्या कुळातली, कोणाची मुलगी, एवढंच.

कोरियन बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, याचं आपल्याकडे कौतुक होतं. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिणाऱ्यांना ते वाटणारच. पण या प्रथेचं मूळ बाईच्या मानात नाही. आडनाव बापाच्या रक्ताचं. सून त्या रक्ताची नाही, म्हणून तिला ते मिळत नाही.

आणि आडनाव सगळ्यांना होतं असंही नाही. जोसोन राजवटीत, म्हणजे कोरियातल्या शेवटच्या राजघराण्याच्या काळात, गुलामांना बहुधा नुसतं नावच असे. १८९४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, १९०९ च्या नोंदणी कायद्यानं प्रत्येकाला आडनाव आलं. घ्यायचंच तर लोकांनी वजनदार आडनाव घेतलं. तेव्हा आजच्या प्रत्येक किमचा पूर्वज राजा होता, हे ज्यानं त्यानं आपापल्या जबाबदारीवर मानावं.

पण याच कुळानं कित्येकांची लग्नं अडवली. आडनाव एक, बोनग्वान एक, तर लग्न नाही. नातं वीस पिढ्यांमागचं का असेना. आपल्या सगोत्राच्या बंदीसारखंच हे. आपल्याकडे ती आडकाठी कायद्यानं १९४६ मध्येच काढली. दक्षिण कोरियानं मात्र नंतर, आपल्या नव्या दिवाणी संहितेत, कलम ८०९ म्हणून ती लिहून ठेवली. गिम्हेचे किम एकटेच चाळीस लाखांच्या वर. एवढ्या माणसांत प्रेम जमायचं ते जमतच होतं. जोडपी संसार थाटत, पण लग्नाची नोंद होत नसे आणि मुलं कागदावर अनौरस ठरत. सरकारलाही ते बघवेना. १९७८, १९८८ आणि १९९६ अशी तीनदा, एकेक वर्षापुरती, खिडकी उघडली. हजारो जोडप्यांनी तेवढ्यात नोंद उरकून घेतली. अखेर जुलै १९९७ मध्ये घटना न्यायालयानं ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली. संहितेत दुरुस्ती व्हायला मात्र २००५ उजाडलं. आता अडतात ती फक्त जवळची नाती.

गिम्हेमध्ये गवतानं झाकलेली एक गोल समाधी आहे. ती राणी हो ह्वांग-ओकची. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात तिची कथा येते: आयुता देशाची राजकन्या, समुद्रावरून आली, सुरो राजाशी, म्हणजे गिम्हेच्या किमांच्या मूळपुरुषाशी, लग्न केलं. आयुता म्हणजे आपली अयोध्या, असं बरेच जण मानतात. पुरावा म्हणाल तर कथाच. त्याच भरवशावर २००१ मध्ये अयोध्येत तिचं स्मारकही उभं राहिलं. परंपरा सांगते, तिला दहा मुलगे झाले आणि दोघांना तिनं आपलं आडनाव दिलं. म्हणून गिम्हेचे किम आणि गिम्हेचे हो, आडनावं वेगळी असूनही, एकाच रक्ताचे मानले जातात.

राणीला जमलं ते साध्या बाईला कायद्यानं २००८ पासून जमू लागलं. आईचं आडनाव मुलाला देता येतं, पण ठरवायचं कधी? लग्नाच्या नोंदणी अर्जावर त्यासाठी एक ओळ आहे: मुलांना आईचं आडनाव आणि बोनग्वान द्यायचं ठरलं आहे का? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. बाळाचा पत्ता नसताना, कचेरीतल्या टेबलाशी उभं राहून, नवरा-बायकोनं त्यातल्या एकात खूण करायची असते.