चौथं सत्र: खुर्च्या वळवा

[दृश्य: ग्रंथदिंडी, पालखी, लेझीम]
रविवारची सकाळ. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं एक गाव. पालखीत ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा, पुढं टाळकरी, मागं शाळेच्या पोरींचं लेझीम आणि डोईवर कळस घेतलेल्या बायका. हिवाळा लागला की सीमाभागात कुठं ना कुठं मराठी साहित्य संमेलन असतंच. कडोली, उचगाव, कुद्रेमनी, येळ्ळूर, सांबरा... वर्गणी गावाची, मांडव गावाचा, पंगतही गावाचीच.

[दृश्य: टिळकवाडीतली काँग्रेस विहीर, जुनी छायाचित्रं]
मोठ्या सभा बेळगावला नव्या नाहीत. गांधीजींनी आयुष्यात एकाच काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलं, ते इथलं, डिसेंबर १९२४ चं. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सारी जुळवाजुळव केली. अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खणलेली ही विहीर अजून आहे. पुढं १२ मे १९४६ रोजी, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असलेल्या साहित्य संमेलनात, याच शहरात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. वर मंचावर ठराव, खाली टाळ्या. तेव्हा तेच हवं होतं.

[दृश्य: मंचावरचे सत्कार, घड्याळ, रिकाम्या होत चाललेल्या मागच्या रांगा]
पण साचा तोच राहिला. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. सत्काराला आमची हरकत नाही; वेळापत्रक मात्र तोच खातो. आणि भाताची, शाळेची, जुन्या गाण्यांची माहिती ज्यांच्याकडं आहे, ती माणसं दिवसभर नुसती ऐकत बसतात.

[दृश्य: मांडवात खुर्च्या फिरवणारी पोरं, शाळेची बाकं, खाकी कागद]
या गावानं यंदा चौथं सत्र बदललं. माईक बंद. पाच-पाच जणांची रिंगणं. मधे बाक, बाकावर खाकी कागद आणि स्केचपेन. वीस मिनिटं झाली की सगळ्यांनी उठून दुसऱ्या बाकावर जायचं. एकानं जागेवर राहून आधीचं बोलणं नव्यांना सांगायचं. ही पद्धत ‘वर्ल्ड कॅफे’ म्हणून ओळखली जाते. वानिटा ब्राऊन आणि डेव्हिड आयझॅक्स यांना ती १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात, घरी भरलेल्या एका बैठकीतून सापडली.

[दृश्य: आदल्या रात्रीची बैठक, वहीतली खाडाखोड]
खरा घाम गळाला तो आदल्या रात्री, प्रश्न ठरवताना. ‘मराठी शाळा टिकाव्यात का?’ असं विचारलं तर प्रत्येकजण भाषण ठोकणार. त्यावर काट मारून वहीत लिहिलं गेलं: ‘तुमच्या गल्लीतलं पोर कुठल्या शाळेत जातं, आणि ते कुणी ठरवलं?’ दुसरी अडचण घरातलीच. सासऱ्यांसमोर सून तोंड उघडत नाही. म्हणून दारातच रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, एका घरातली माणसं एका रिंगणात येणार नाहीत अशा बेतानं.

[दृश्य: जवळून, म्हातारीचे हात, मुलीची स्केचपेन]
हिरव्या चिठ्ठीचं बाक. विषय, भांगलणीची, म्हणजे शेतातलं तण काढतानाची गाणी. आजीला लिहिता येत नाही. शेजारी नववीतली मुलगी.
“काय लिहूलालीस गे?”
“तुमचंच गाणं, आजी.”
“मग थांब की. आधी चाल ऐक, शबूद मागनं.”

[आजीचं गाणं, निवेदन नाही]

[दृश्य: पलीकडचं बाक, बेळगाव बासमतीच्या ओंब्या]
इकडं दोन शेतकऱ्यांचा वाद पेटलाय, बेळगाव बासमतीचा वास कमी का झाला यावर. एकजण रासायनिक खताला दोष देतो, दुसरा बियाण्यातल्या भेसळीला. कागदावर दोन्ही उतरलंय. निकाल लागलेला नाही, पण वीस मिनिटं संपल्याची शिट्टी वाजली तरी दोघं उठायला तयार नाहीत.

[दृश्य: वाचनालयाची भिंत]
कागद आता गावच्या वाचनालयात लावलेत. गाणी उतरवून घ्यायचं काम दोघी शिक्षिकांनी अंगावर घेतलंय. शाळेच्या पटाचं काय ते जूनमध्ये कळेल.

[दृश्य: आढावा बैठक, चहा]
पुढच्या वर्षासाठी एवढं ठरलंय: सत्कार दिंडी मांडवात पोचताच, सगळ्यांचे एकदम, भाषणाविना. रिंगणं जेवणाआधी, कारण जेवण झालं की परगावची माणसं बस गाठायला निघतात. कवी संमेलनही थोडं आटोपतं घ्यावं, असं कुणीतरी सुचवलं. गावातले दोन कवी तिथंच उठून उभे राहिले. तो विषय वहीत आलेला नाही.