हेडबाईंच्या घरातला फोन

नमस्कार श्रोतेहो, आणि खास करून शाळेत नोकरी करणाऱ्या माझ्या बहिणींनो. मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेची मुख्याध्यापिका, गावात सगळी हेडबाई म्हणतात.

लोकांना वाटतं हेडबाई म्हणजे खुर्चीत बसून सह्या करायच्या. तसं नसतंय ओ. क्षीरभाग्यची, म्हणजे पोरांना शाळेत दूध द्यायच्या सरकारी योजनेची, दूध पावडर किती उरली, आज अंडी किती पोरं खाणार आणि केळं किती जण मागणार हे शाळेत पोचायच्या आधीच डोक्यात सुरू असतंय, त्यात बीईओ ऑफिसचा, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांचा, कन्नड आदेश व्हॉट्सअपवर येतो, आजच्या आज माहिती पाठवा, मग तो वाचून, समजून घेऊन सॅट्सवर, म्हणजे पोरांची माहिती ठेवायच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, भरायचं, आणि पावसात नेट गेलं की तेच काम घरी. रात्री माझी लेक हजेरीचे आकडे मोठ्यानं वाचायची आणि मी भरायची, तिचा गृहपाठ बाजूलाच राहायचा. हे मला फार लागायचं.

हेडमास्तर पुरुष असला तर घरी भाकरी कोण करणार असं त्याला कोणी विचारत नाही. बाईला मात्र सगळे सांगतात, तुम्ही बॅलन्स करा. मला हे पटत नाही. कामच वाटून द्यायला पाहिजे. आमच्या शाळेत दूध-अंड्याचं रजिस्टर आता एका सरांकडं आहे, सॅट्स चांगलं कन्नड येणाऱ्या बाईंकडं. घरी संध्याकाळचा स्वयंपाक आमचे हे करतात, सासूबाईंना आधी आवडलं नव्हतं, पण आता एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीचा, फोन आला की त्याच उचलून सांगतात, "ती जेवालीय, अर्ध्या तासानं करा."

अजून एक. कर्नाटक सरकारनं 2021 साली महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी रजा दिली, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, सगळ्या नोकरीत मिळून 180 दिवस. शिक्षिका घेतात, पण हेडबाई म्हणतात शाळा कुणाच्या हवाली करू, आणि पोरगीची दहावीची परीक्षा तशीच निघून जाते. शाळेत सिनियर शिक्षक असतात की, त्यांनाही चार्ज सांभाळायची सवय होऊदे. रजेवर जाताना चार्ज कुणाकडं दिलाय ते क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर, एसडीएमसीला आणि स्वयंपाकाच्या अक्कांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे फोन चार्ज घेतलेल्यांकडं जातील.