धूर वर जातो, गॅस खाली बसतो

(आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, मंदिराच्या ओट्यावर झालेलं हे व्याख्यान. वक्ते गॅस एजन्सीतून निवृत्त झालेले मेकॅनिक आहेत. छापताना पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, पेपरात मथळा असतो, ‘घरगुती सिलिंडरचा भीषण स्फोट’. खाली फोटो असतो. तो फोटो नीट बघत जा. पत्रे उडालेले, भिंत गल्लीत आलेली, खिडकीची चौकट अंगणात पडलेली, आणि कोपऱ्यात टाकी उभी. काळी पडलेली असेल, पण बहुतेक वेळा अख्खी असते. मग फुटलं काय? खोली फुटली. टाकीतून निघालेला गॅस खोलीत हवेत मिसळत राहिला आणि कुणीतरी ठिणगी दिली. टाकी स्वतः फुटण्याचा प्रकार वेगळा आहे, त्याकडे नंतर येतो. आपल्याकडे माणसं जातात ती जास्त करून या पहिल्या प्रकारात, आणि तो टाळणं घरातल्याच माणसाच्या हातात असतं.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चूल होती तिथं लाल टाकी आली. फार चांगलं झालं. माझ्या आईचे डोळे धुरानं गेले होते, म्हणून मी गॅसच्या विरोधात बोलतोय असं कुणी समजू नये. पण शेगडी बदलली आणि घर तेच राहिलं. आपलं धाब्याचं घर आठवा. जाड मातीच्या भिंती, उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून खिडक्या नाहीतच किंवा वितभर, धूर जायला वर धाब्याला भोक, आणि दाराला चांगला जाड उंबरठा. हे घर धुरासाठी बांधलेलं आहे. धूर वर जातो. गॅस हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. तो पाण्यासारखा सखल जागा धरतो. ओट्यावरून खाली उतरतो, फरशीवर पसरतो, धान्याच्या कोठीखाली शिरतो आणि उंबरठ्याशी अडतो. वरचं भोक त्याच्या कामाचं नाही. नव्या स्लॅबच्या घरात तरी काय, झरोके सगळे वर छताजवळ. खाली वारा जायला वाट कुणी ठेवलीय?

आता थोडं गणित करू. भिऊ नका, पहाड्यांपुरतंच आहे. घरची टाकी १४.२ किलोची. रोज तीनेक तास शेगडी चालली तर महिनाभर पुरते. म्हणजे ताशी दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. टाकीत तो दाबाखाली पातळ होऊन बसलेला असतो. बाहेर आला की साधारण अडीचशे पट फुगतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या घरात गेलं की ठिणगीनं पेट घेतो, आणि नऊ टक्क्यांच्या वर गेलं की घेत नाही, कारण हवाच कमी पडते. आता दहा बाय आठचा स्वयंपाकघर घ्या, उंची दहा फूट. ही खोली दोन टक्क्यांपर्यंत भरायला गॅस किती लागेल? जेमतेम एक किलो. तोही सगळीकडे सारखा पसरला तर. तो तर खालीच साचतो, म्हणजे गुडघाभर उंचीपर्यंत धोका उभा करायला पाव किलो पुरे. बर्नर न पेटता दोन तास उघडा राहिला, की झालं.

आणि नऊ टक्क्यांचं म्हटलं ते विसरू नका. काही वेळा खोलीत गॅस इतका भरतो की आत पेटत नाही. मग माणूस दार उघडतो, हवा आत येते, प्रमाण उतरतं आणि तेव्हा भडका होतो. शेजारी म्हणतात, दार उघडलं म्हणून झालं. दार उघडायचंच असतं. ठिणगी द्यायची नसते.

खान्देशात हे कधी होतं? मला विचाराल तर उन्हाळ्यात, पहाटे. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, आपल्याकडेही काही कमी नाही. दिवसभर झळ लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. रात्री दूध तापवायला ठेवलं, ते उतू गेलं, ज्योत विझली, ताईंना वाटलं बंद केली. बटण तसंच. सगळं घर अंथरुणं घेऊन गच्चीवर झोपायला. खाली कुलूप नसलं तरी दार ओढलेलं. रात्रभर खाली शेगडी सू सू करतेय आणि वर कुणाला पत्ता नाही. पहाटे म्हातारी खाली येते, कारण कुरडया घालायच्या असतात, चीक ऊन चढायच्या आत शिजवायचा असतो. ती काय करते? अंधारात हात लांब करून दिव्याचं बटण दाबते. ती वाईट करत नाही, जन्मभर जे केलं तेच करते.

म्हणून गच्चीवर जाताना टाकीवरचं रेग्युलेटर बंद करा. शेगडीचं बटण बंद केलंय ना, मग रेग्युलेटर कशाला, असं मला शेकडो घरांत ऐकवलं गेलंय. शेगडीचं बटण बंद असलं तरी नळीत गॅस भरलेला असतो आणि नळी उंदीर खातो. कपाशी, तूर, धान्य घरात, म्हणजे उंदीर आलाच. फ्रीजमागून, ओट्याखालून नळी नेलेली, ती कुणी वर्षभर बघत नाही. हाताला लागेल, डोळ्याला दिसेल अशी ठेवा. सुरक्षा नळी म्हणून नारिंगी मिळते, आत तारेची जाळी असते, तीच घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदला. दीड मीटरपेक्षा लांब नळी ओढून शेगडी अंगणात नेऊ नका, आणि दोन तुकडे जोडून तर कधीच नाही.

लोडशेडिंगचं सांगतो, कारण हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नसतं. रात्री लाइट जाते. घरात वास आला तरी माणूस म्हणतो, लाइटच नाही, ठिणगी कुठून येणार? अहो, लाइट येणार आहे ना! तुम्ही कुलरचं बटण चालूच ठेवलंय, फ्रीज चालू आहे. लाइट आली की दोन्ही आपणहून सुरू होतात. फ्रीजमधला थर्मोस्टॅट तर लाइट असताना दिवसभर आपला चालू-बंद होतच असतो, आणि बऱ्याच घरांत फ्रीज टाकीला खेटून. इन्व्हर्टरवाल्यांना वेगळं सांगायला नको. आणि एक, दारावरची बेल. तुम्ही आत वास शोधताय, बाहेर शेजारी काळजीनं बेल दाबतोय. त्याला हाक मारून थांबवा.

वासाचं म्हणाल तर गॅसला स्वतःचा वास नाही. तो घातलेला आहे, मरकॅप्टन नावाचा, गॅस पेट घेईल त्याच्या बऱ्याच आधी कळावा म्हणून. पण नाक उभ्या माणसाच्या पाच फुटांवर आणि गॅस घोट्याशी. त्यात मिरची भाजलेली, शेवभाजीची फोडणी, घरात ठसका. शिवाय नाक थकतं. थोडा वेळ वास घेतला की वास जातो, गॅस राहतो. ‘आता कमी झाला वाटतं,’ असं घरातल्या माणसानं म्हटलं तर विश्वास ठेवू नका, बाहेरून येणाऱ्याला विचारा. आमच्याकडे एक पेटंट उत्तर असायचं, ‘काही व्हस नही, गॅसले वास ऱ्हासच.’ नसतो बो! चांगल्या जोडणीला वास नसतो.

वास आला तर? जे बटण चालू आहे ते चालू, जे बंद आहे ते बंद. दिवा, पंखा, कुलर, मिक्सर, मोबाइल, कशालाही हात नाही. लावू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. देवघर स्वयंपाकघरातच असतं आपल्याकडे, निरांजन तेवत असेल, कानबाईच्या दिवसांत तर अखंड दिवा असतो. वास कोंडला असेल तर दिव्याकडे जाऊ नका, आधी माणसं बाहेर काढा. वास नुकताच, अगदी हलका असेल तर रेग्युलेटर बंद करा, काढा, टाकीच्या तोंडाला दोरीला बांधलेली पांढरी टोपी लावा आणि दारं उघडा. टोपी दाबून बसली की गळती थांबते. बहुतेक घरांत ती दोरी कापून टोपी पोरांना खेळायला दिलेली असते! बाहेर आल्यावर १९०६ ला फोन, हा गॅसगळतीचा देशभर चालणारा नंबर आहे. घरचा मेन स्विच बाहेर असेल तर बंद करा. आत असेल तर सोडून द्या.

ही बघा, रिकामी टाकी आणलीय. पुढे या थोडे. हे तोंड, आत ही बारीक रबरी रिंग दिसते? बोट घालू नका, बॅटरीच्या उजेडात बघा. ही वाळून चिरली, की रेग्युलेटर कितीही घट्ट बसवा, कडेनं गॅस येणारच. नवी टाकी आली की गाडीवाल्याला थांबवा. त्याला घाई असते, असू द्या. टोपी काढून तोंडात पाण्याचे चार थेंब टाकायला सांगा. बुडबुडे आले तर टाकी परत. हे तपासणं त्याचंच काम आहे, आपण उपकार मागत नाही. आणि इथे आतल्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ही टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर घेऊ नका. गॅस शिळा होतो असा त्याचा अर्थ नाही, तसं मला पुष्कळांनी विचारलंय.

गळती शोधायला काडी ओढणारे महाभाग अजून आहेत. साबणाचं पाणी जोडावर लावा, फेस फुगला की कळतं. आणि भरताची वांगी गॅसवर भाजणाऱ्यांना माझी विनंती. एक तर ती चव तुरीच्या-कपाशीच्या काड्यांवरच येते, हे तुम्हाला मी काय सांगावं. दुसरं, वांग्याचं पाणी आणि साल बर्नरच्या भोकांत जातं, अर्धी भोकं बुजतात, ज्योत पिवळी होते, वाऱ्याच्या झुळकेनं विझते. भाजलीच तर नंतर बर्नर धुऊन वाळवून लावा.

आता टाकी फुटण्याचं. आगीत सापडलेल्या टाकीतला पातळ गॅस उकळतो, दाब वाढत जातो, आणि वरच्या भागाला आतून थंड करायला पातळ गॅस नसल्यानं तिथलं पोलाद मऊ पडून फाटतं. म्हणून पेटलेल्या घरात टाकी आहे कळलं की बघे गोळा करायचे नाहीत, लांब व्हायचं आणि अग्निशमन दलाला टाकीचं आधी सांगायचं. रेग्युलेटरपाशी छोटी ज्योत लागली असेल आणि हात पोचत असेल तर जाड सुती कापड किंवा गोणपाट ओलं करून टाकीवर टाका आणि लगेच रेग्युलेटर बंद करा. नुसती ज्योत विझवून गॅस चालू राहिला, तर आपण पहिल्याच प्रकारात जाऊन पडलो.

घरच्या टाकीतून गाडीत गॅस भरण्याच्या धंद्याबद्दल मी सौम्य बोलणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात ओम्नीत असा गॅस भरताना स्फोट झाला, आणि भाजलेल्यांपैकी काही पुढे दवाखान्यात दगावले. टाकी, मोटर आणि नळी, सगळं उघड्यावर, मोटरची ठिणगी शेजारी. हा गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्या ओसरीत चालतं त्याच्या शेजाऱ्यालाही ठाऊक असतं.

भाजल्यावर शाई, टूथपेस्ट, हळद, किसलेला बटाटा यांतलं काही लावायचं नाही. वीस मिनिटं नळाचं साधं पाणी, बर्फ नाही. अंगाला चिकटलेलं कापड ओढायचं नाही, नायलॉनची साडी वितळून कातडीला बसते. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा आणि १०८ ला फोन करा. अपघाताचा विमा तेल कंपन्यांनी काढलेला असतो, त्याचा हप्ता आपल्याकडून वेगळा घेत नाहीत. पण एजन्सीला लगेच लेखी कळवावं लागतं. नळी, रेग्युलेटर प्रमाणित नसतील तर वाद होतो.

प्रश्न आलाय मागून. ‘टाकी घराबाहेरच ठेवली तर?’ चांगला प्रश्न आहे, भाऊ. ठेवता येते, पण आपल्याकडच्या उन्हात उघड्यावर नाही. सावली हवी, वारा हवा, टाकी उभी हवी, गटाराचं तोंड किंवा खड्डा जवळ नको, कारण गॅस तिथं उतरून बसेल. आणि भिंतीला भोक पाडून रबरी नळी आत घ्यायची नाही, ती भिंतीत घासून कुठे फाटली ते दिसत नाही. त्याला तांब्याची पक्की लाइन लागते आणि ती एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यायची.

दुसरा प्रश्न बाथरूममधल्या गॅस गिझरचा. तो आत लावूच नका. दार बंद करून आंघोळ, हवा कमी, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वासच नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर, पाण्याची पाइप आत.

बरं, आता कुणीतरी तांब्याभर पाणी आणि साबणाची वडी आणा. ज्यांनी आपलं रेग्युलेटर बरोबर आणलंय त्यांनी इकडे ओळीत या, एकेक बघून देतो.