चवथ झाली की दाखवीन

(ब्रिटनमधील मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

गेल्या हिवाळ्यात माहेरी फोंड्याला गेले होते, तेव्हा पणजीत बायकांच्या चॅरिटी रनमध्ये भाग घेतला. पाच किलोमीटरची रन, स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृती आणि निधीसाठी. त्याविषयी बोला, असं कार्यकारिणीने सांगितलं म्हणून उभी आहे.

रस्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचा. कांपालला कला अकादमीपासून निघायचं, उजव्या हाताला मांडवी ठेवत मिरामार गाठायचं, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या समाधीवरून करंझाळेच्या दिशेने जाऊन परत फिरायचं. समाधीपाशी शशिकलाताई काकोडकरांची आठवण आली. १९७३ साली भाऊसाहेब गेले आणि त्यांची ही लेक गोव्याची पहिली महिला मुख्यमंत्री झाली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या राज्याचा कारभार एका बाईने हाती घेतला, तिथली बाई आजही छातीतली गाठ घरात सांगायला कचरते, हे मला त्या सकाळी फार टोचलं.

माझ्याबरोबर मावशी होती, साठी ओलांडलेली. केसांत अबोलीची वेणी, पायांत भाच्याने आणलेले नवे बूट. नंबर लावायला पिना मिळेनात, तेव्हा तिने बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढल्या, माझा नंबर कुडत्यावर नीट बसवला आणि उरलेल्या शेजारच्या मुलींना वाटून टाकल्या. पाठीवर एक कागद लावायचा होता, ‘मी कोणासाठी धावते’. मावशीने तिच्या थोरल्या जावेचं नाव लिहिलं. त्या कशाने गेल्या, हे आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. ‘त्यांना बरं नव्हतं’ एवढंच आम्ही लहानपणापासून ऐकलं. मावशीने ते नाव शेकडो बायकांसमोर पाठीवर मिरवलं.

पहिला किलोमीटर झाला की बऱ्याच जणी चालायला लागतात. माझ्या मते अशा रनचा खरा उपयोग तिथून सुरू होतो, कारण बायका बोलायला लागतात. माझ्या शेजारून म्हापशाची एक बाई चालत होती. छातीतली गाठ तिच्या हाताला लागली ती पावसाळ्यात. ‘म्हटलं, चवथ झाली की दाखवीन.’ चवथ म्हणजे आपली गणेशचतुर्थी. चवथ झाली, मग दिवाळी आली, मग मुलीची परीक्षा. डॉक्टरकडे गेली तोवर आजार काखेपर्यंत पोचला होता. उपचार लांबले, केस गेले, पुन्हा आले. हे सगळं तिने चालता चालता सांगितलं, आणि आमच्या पुढच्या दोघी मागे वळून आमच्यात सामील झाल्या.

भारतीय बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. आणि तो लवकर पकडायला दर वेळी मोठं यंत्रच लागतं असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी बायकांची हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. फक्त शिकलेल्या हातांनी! त्याच वर्षी गोव्यात ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ ही मोहीम सुरू झाली, एक लाख बायका तपासायचं उद्दिष्ट ठेवून. म्हणजे सोय होते आहे. बाईने तिथवर जायला हवं.

इथे ब्रिटनमध्ये आपल्याला पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी मॅमोग्रामसाठी, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेसाठी, पत्र येतं. आपल्या आयांना, वहिन्यांना तिकडे असं पत्र येत नाही. ते पत्र आपण व्हायचं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आता पैशांचं. १९९४ साली लंडनच्या बॅटरसी पार्कात कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी पहिली ‘रेस फॉर लाइफ’ झाली, तेव्हा ६८० बायका होत्या. पुढे देशभर ती पसरली आणि २०१९ पर्यंत फक्त बायकांचीच राहिली. तिचा जोर नोंदणीच्या रकमेत नाही. त्या रकमेतून टी-शर्ट, पदक, पाणी, रुग्णवाहिका, रस्त्याचा बंदोबस्त भागवायचा असतो. खरा निधी उभा राहतो तो प्रत्येकीने ओळखीपाळखीच्यांकडून जमवलेल्या देणगीतून. त्याचा आपल्याला संकोच वाटतो. पण गणपतीची वर्गणी मागताना आपण कधी लाजलोय? त्याच हक्काने मागा.

वसंतात आपण मंडळाची पाच किलोमीटरची रन करतो आहोत. धावा, चाला, पोरं बाबागाडीत घालून आणा. जमलेली रक्कम गोव्यात तपासणीच्या कामासाठी जाईल. कुणाला द्यायची ते हिशेब बघून सगळ्यांनी मिळून ठरवू.

आणि त्याआधी, या आठवड्यात, घरी फोन करा. मुलग्यांनीसुद्धा. ‘आई, तपासून घेतलंस का?’ असं मुलाने विचारण्यात काही वावगं नाही. ती ‘बघू’ म्हणाली तर वहिनीला सांगा, दोघी बरोबर जाऊ देत. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, नाहीतर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. काही आढळलं तर सगळ्यांसमोर बोला, दारामागे नको.

नावनोंदणीची वही जेवणाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. त्या दिवशीचं पाणी, रस्ता आणि लहान मुलं पुरुष मंडळींनी सांभाळायची आहेत. त्यांचीही नावं त्याच वहीत हवीत.