तिघांचे सोने, एकाचे नाव

एका सोनेशोधकाचा हा पुतळा १९२९ साली उभारण्यात आला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली शहराच्या हॅनन स्ट्रीटवर, टाउन हॉलजवळ, पाण्याची पिशवी घेऊन बसलेला हा दाढीवाला वृद्ध म्हणजे पॅट्रिक ऊर्फ पॅडी हॅनन. जून १८९३ मध्ये येथे सोने सापडल्याची नोंद त्यांच्या नावावर झाली आणि कालगुर्ली हे नाव रूढ होण्यापूर्वी ही वस्ती ‘हॅनन्स’ म्हणूनच ओळखली जात असे. मात्र सोने सापडले तेव्हा हॅनन एकटे नव्हते. टॉमस फ्लॅनगन आणि डॅन शे हे त्यांच्यासारखेच आयर्लंडमधून आलेले दोघे त्यांच्याबरोबर होते, आणि शहराच्या मुख्य रस्त्याला या दोघांपैकी कोणाचेही नाव मिळाले नाही.

त्या काळातल्या सोनेशोधकाचे आयुष्य समजून घ्यायचे असेल, तर आधी तो एकटा का जात नसे हे पाहावे लागते. पर्थपासून सुमारे सहाशे किलोमीटर पूर्वेला असलेल्या या मुलखात वर्षाकाठी जेमतेम अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो, बारमाही नदी एकही नाही, जी सरोवरे नकाशावर दिसतात ती बहुतेक मिठाची कोरडी पात्रे असतात आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. कोणीतरी पाण्याच्या शोधात जाणार, कोणीतरी चरायला सोडलेली घोडी शोधून आणणार आणि कोणीतरी छावणी सांभाळणार, अशी कामाची वाटणी पहिल्या दिवसापासूनच करावी लागे. शिवाय सोने सापडल्यावर खरी अडचण सुरू होई. कायद्याप्रमाणे शोधकाला वॉर्डन या सरकारी अधिकाऱ्यापुढे जाऊन क्लेम, म्हणजे जमिनीच्या त्या तुकड्यावरचा आपला हक्क, नोंदवावा लागे, आणि हे कार्यालय दोन-चार दिवसांच्या वाटेवर असे. नोंदणीला गेले तर जागा उघडी पडते आणि जागेवर बसून राहिले तर हक्क नोंदवला जात नाही, हा पेच एकट्या माणसाला सुटणारा नव्हता.

कालगुर्लीच्या आदल्याच वर्षी आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांनी हा पेच कसा सोडवला, ते सर्वांना ठाऊक झाले होते. फ्लाय फ्लॅट या माळावर सोने मिळाल्यावर फोर्ड तेथेच पहाऱ्याला थांबले, आणि बेली ५५४ औंस, म्हणजे सतरा किलोंहून अधिक सोने घोड्यावर लादून सुमारे १९० किलोमीटरवरच्या सदर्न क्रॉस गावी गेले. १७ सप्टेंबर १८९२ रोजी त्यांनी ते सोने वॉर्डनपुढे मांडले आणि गावातील माणसे हातातले काम टाकून पूर्वेकडे धावली. त्या माळावर पुढे कूलगार्डी हे शहर वसले. जोडीदाराला एकटे मागे ठेवून जाणारा आणि एवढे सोने जोडीदाराच्या हाती सोपवून मागे राहणारा, या दोघांपैकी अधिक विश्वास कोणी टाकला हे ठरवणे कठीण आहे.

हॅनन, फ्लॅनगन आणि शे हे १८९३ च्या जूनमध्ये कूलगार्डीहून माउंट यूल या ठिकाणाकडे निघाले होते, कारण तिकडे सोने निघाल्याची वार्ता पसरली होती. वाटेत माउंट शार्लटजवळ त्यांना जमिनीवर सोने दिसले. येथून पुढची हकीकत एकसारखी सांगितली जात नाही. लोकप्रिय कथेत हॅनन यांच्या घोड्याचा नाल निखळतो आणि म्हणून मंडळी थांबतात. दुसऱ्या कथेत भटकलेली घोडी शोधायला गेलेल्या फ्लॅनगन यांना प्रथम सोन्याचे खडे दिसतात, इतरांच्या नजरेस पडू नयेत म्हणून ते त्यांवर फांदी टाकतात, आणि बरोबरच्या घोळक्याला पुढे जाऊ देण्यासाठी घोडे हरवल्याचा बहाणा केला जातो. घोळक्याने चालणाऱ्या शोधकांची रीत पाहता ही दुसरी कथा अधिक पटण्याजोगी वाटते. वाद नाही तो एवढ्याबाबतच, की हॅनन शंभर औंसांहून अधिक सोने घेऊन कूलगार्डीला परत गेले आणि १७ जून रोजी त्यांनी नोंद केली. तीन दिवसांत सातशेच्या आसपास माणसे त्या माळावर खणत होती.

ते खणत कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्निया किंवा व्हिक्टोरियातील शोधक ओढ्याच्या पाण्यात तसराळे फिरवून माती धुऊन काढत आणि जड सोने तळाशी राही. येथे धुण्यासाठी पाणीच नव्हते, तेव्हा ते काम वाऱ्याकडून करून घेण्यात आले. शोधक एक तसराळे जमिनीवर ठेवी, दुसऱ्यात कोरडी माती भरून ते डोक्याच्या उंचीवर धरी आणि हलके हलके ओती, म्हणजे धूळ वाऱ्यावर उडून जाई आणि खडे व सोने खाली पडत. आपल्याकडे खळ्यावर तिवड्यावर उभे राहून धान्य उपणणाऱ्याला ही कृती वेगळी शिकवावी लागली नसती. फरक एवढाच, की येथे पाटीभर माती उपणून हाती काहीच न लागण्याचे दिवस अधिक असत. शेवटी तसराळ्यात राहिलेली रेती तोंडाने फुंकून उडवावी लागे. या पद्धतीला ड्रायब्लोइंग म्हणत आणि पुढे तिच्यासाठी भाता व हलती चाळणी असलेली लाकडी यंत्रे आली. दिवसभर उडणारी ही लाल धूळ आणि माशांचे थवे यांमुळे डोळे येणे ही छावणीतली नेहमीची व्याधी होती, आणि डोळे सुजून मिटलेल्या माणसाला तंबूपर्यंत हाताला धरून नेण्याचे काम अर्थातच जोडीदाराचे असे.

जेवण साधे होते. राखेत भाजलेला डँपर नावाचा कणकेचा जाड पाव, डब्यातले खारवलेले मांस आणि पत्र्याच्या डब्यात उकळलेला काळा चहा एवढ्यावर महिनोन्‌महिने निघत. पाण्याचा हिशेब मात्र सोन्याच्या हिशेबाइतकाच काटेकोर ठेवावा लागे. मिठाच्या सरोवरांजवळ विहिरी खणून निघणारे खारे पाणी भट्टीवर उकळून, वाफ नळ्यांतून थंड करून गॅलनच्या मापाने विकले जाई, आणि त्या भट्ट्यांच्या सरपणासाठी आसपासचे रान तोडले गेले. आंघोळ ही चैन होती. दाटीवाटीच्या, शौचाची सोय नसलेल्या वस्त्यांत विषमज्वराच्या साथी आल्या आणि कूलगार्डीच्या दफनभूमीत तरुण माणसांच्या कबरी वाढत गेल्या.

या भूमीत पाणी कोठे आहे हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांच्याविषयी सोनेशोधकांच्या गौरवकथा फारसे बोलत नाहीत. येथील मूळ रहिवासी कातळातील नैसर्गिक खळग्यांत साठणाऱ्या पाण्यावर जगत. या खळग्यांना ‘नामा होल’ म्हणतात, आणि बाष्पीभवन टाळण्यासाठी त्यांची तोंडे दगडांनी झाकून ठेवण्याची रीत होती. शोधकांनी हे साठे वापरले, घोड्या-उंटांना पाजले आणि अनेकदा उपसून कोरडे केले. १८९६ मध्ये कूलगार्डीहून उत्तरेकडे वाळवंट ओलांडायला निघालेल्या डेव्हिड कार्नेगी यांनी तर पाणी दाखवावे म्हणून मूळ रहिवाशांना पकडून बांधून ठेवले, आणि ते स्वतःच लिहून ठेवले. जोडीदारासाठी जीव टाकण्याची जी नीती छावणीत पाळली जाई, ती छावणीच्या कडेपाशी संपत होती.

अशीच दुसरी कड उंटवाल्यांची होती. १८६६ मध्ये कराचीहून उंट आणि त्यांचे रखवालदार दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरवण्यात आले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातील बंदर होते. बलुचिस्तान, पंजाब, सिंध आणि अफगाणिस्तानातून आलेल्या या सर्वांना तेथे सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई. सोन्याच्या मुलखात धान्य, पत्रे, यंत्रे आणि पाणी पोहोचले ते बव्हंशी त्यांच्या उंटांच्या पाठीवरून, आणि कूलगार्डीचे रस्ते उंटांच्या तांड्याला वळता यावे एवढे रुंद आखल्याचे सांगतात. तरीही सोने शोधण्याचा परवाना आशियाई आणि आफ्रिकी माणसांना नाकारण्याची तरतूद वसाहतीच्या कायद्यात होती. ते सोन्यापर्यंत सर्वांना नेऊ शकत होते, मात्र स्वतः ते उचलू शकत नव्हते.

गोऱ्या शोधकांच्या छावणीत न्यायदानही आपापसांतच चाले. कोणी तसराळे बडवून ‘रोल अप’चा पुकारा केला की सर्वांनी हातचे काम सोडून जमायचे, तक्रार ऐकायची आणि हात वर करून निकाल द्यायचा. जोडीदाराचे सोने किंवा पाणी चोरणाऱ्याला छावणीतून हाकलून देत, आणि पोलीस ठाणे दूर असलेल्या त्या मुलखात ही शिक्षा हलकी नव्हती. दुसऱ्या टोकाला ‘रशियन जॅक’ या टोपणनावाच्या माणसाची हकीकत आहे. १८८६ साली उत्तरेच्या किंबर्ली भागात सोन्यासाठी गर्दी लोटली, तेव्हा त्याने आजारी साथीदाराला हातगाडीत घालून मैलोन्‌मैल ढकलत नेले. अंतराचे आकडे दर सांगणाऱ्यागणिक वाढतात, तेव्हा ते येथे न दिलेलेच बरे. हॉल्स क्रीक येथे त्याचे शिल्प मात्र आहे आणि त्यात हातगाडीतला साथीदारही आहे.

सोने जोडीदारीत मिळे, पण ते टिकवणे हा वेगळा व्यवहार होता. १८९४ मध्ये कूलगार्डीजवळ लंडनडेरी येथे सहा शोधकांना गारगोटीच्या शिरेत विलक्षण दाट सोने सापडले. त्यांनी ते काही काळ गुप्त ठेवून हजारो औंस काढले आणि नंतर ती जागा लॉर्ड फिंगॉल यांना १,८०,००० पौंड आणि एका हिश्श्याच्या बदल्यात विकली. लंडनमध्ये कंपनी उभी राहिली, भाग विकले गेले, आणि सीलबंद ठेवलेला खड्डा उघडल्यावर त्यात फारसे काही उरलेले नाही असे दिसले. कालगुर्लीत याच्या उलट घडले. माळावरचे सुटे सोने लवकरच आटले, पण जवळच्या ‘गोल्डन माइल’मधील खोल शिरा वर्षानुवर्षे पुरल्या. त्या खोदायला यंत्रे, भांडवल आणि मजूर लागत, त्यामुळे तसराळे घेऊन आलेला शोधक एकतर कंपनीच्या पगारावर गेला किंवा पुढच्या वार्तेमागे चालू लागला.

जानेवारी १९०३ मध्ये पर्थजवळच्या मंडारिंग धरणाचे पाणी ५३० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून, आठ पंपिंग केंद्रांच्या साहाय्याने कालगुर्लीला पोहोचले. ही योजना आखणारे अभियंते सी. वाय. ओ’कॉनर यांनी कडवट टीकेला तोंड देत असताना मार्च १९०२ मध्ये आत्महत्या केली होती, त्यामुळे उद्घाटनाला ते नव्हते. बेली तर १८९६ मध्येच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारले. फ्लॅनगन १८९९ मध्ये गेले आणि शे १९०८ मध्ये. हॅनन यांना सोन्याने श्रीमंत केले नाही. १९०४ पासून राज्य सरकारने त्यांना वर्षाला शंभर पौंड निवृत्तिवेतन दिले, ते पुढे दीडशे करण्यात आले, आणि १९२५ मध्ये मेलबर्न येथे त्यांचे निधन झाले. निवृत्तिवेतनही नोंदीतल्या नावालाच मिळते.

मंदीच्या काळात बेकार माणसे पुन्हा तंबू घेऊन या मुलखात आली. जानेवारी १९३१ मध्ये लार्किनव्हिल येथे वडिलांबरोबर खणणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या पहारीला ‘गोल्डन ईगल’ लागला. १,१३५ औंसांचा, म्हणजे पस्तीस किलोंचा हा सोन्याचा गोळा राज्य सरकारने विकत घेतला, लोकांना पाहण्यासाठी ठेवला आणि अखेर वितळवला.

आजचे सोनेशोधक चारचाकी गाडी, उपग्रहाद्वारे चालणारा दूरध्वनी आणि मेटल डिटेक्टर घेऊन येतात. लोहयुक्त तांबड्या मातीमुळे जुनी यंत्रे सतत खोटे आवाज देत, पण १९९० च्या दशकात अॅडलेडच्या माइनलॅब कंपनीने स्पंदप्रवर्तन (पल्स इंडक्शन), म्हणजे चुंबकीय स्पंद सोडून धातू ओळखण्याच्या तंत्राची यंत्रे बाजारात आणली आणि पूर्वीच्यांनी चाळून टाकलेल्या माळांवरही सोने मिळू लागले. अर्थात यंत्राच्या आवाजामागे बहुतेक वेळा निघतात ते बुटांचे खिळे, बंदुकीच्या गोळ्या आणि खारवलेल्या मांसाच्या डब्यांची झाकणे. हंगाम एप्रिल ते सप्टेंबरचा असतो. सरकारकडून ‘माइनर्स राइट’ हा परवाना थोड्या शुल्कात मिळतो आणि तो प्रत्येकाने स्वतःच्या नावाने घ्यायचा असतो. पशुपालकाच्या ताब्यातील जमिनीवर जाताना त्याला कळवावे लागते, मूळ रहिवाशांच्या वारसास्थळांना हात लावता येत नाही, आणि खणलेला खड्डा बुजवूनच पुढे सरकावे लागते. वाटणीच्या दोन रीती प्रचलित आहेत. काही गटांत ज्याच्या यंत्राखाली निघेल त्याचे ते सोने, तर काहींत सफर संपल्यावर सगळे एकत्र तोलून सारखे वाटून घेतात. कोणती रीत पाळायची हे छावणीतून यंत्रे बाहेर काढण्यापूर्वी ठरवतात, कारण पहिला खडा निघाल्यावर ते ठरवणे अवघड जाते.