कुणी न मागितलेला प्रोग्राम

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला 'प्रोग्रामिंग आणि सर्जनशील जगणं'. विषय भारदस्त आहे, मी तेवढा नाही. म्हणून आज मी एकाच प्रोग्रामबद्दल बोलणार आहे. तो कुणी मागितला नव्हता, त्याचा एक रुपयाही मिळालेला नाही आणि तो अजून पुरा झालेला नाही. मराठी कवितेची ओळ दिली की तिचं वृत्त सांगायचं, एवढंच त्याचं काम.

लघु-गुरू शाळेत आपण सगळ्यांनीच केले. ऱ्हस्व ते लघु, दीर्घ ते गुरू, अनुस्वार असेल तर गुरू, पुढे जोडाक्षर आलं तर आधीचं अक्षर गुरू. मग तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे. हमखास मार्कांचा प्रश्न! नियम इतके नीटस आहेत की कुठल्याही प्रोग्रामरला वाटावं, दुपारच्या चहापर्यंत उरकेल.

पहिला अडथळा अगदी दारातच येतो. 'क्षितिज' या शब्दात तुम्हाला ३ अक्षरं दिसतात. युनिकोडच्या, म्हणजे संगणकाच्या जागतिक लिपी-कोष्टकाच्या, हिशेबात ती ७ चिन्हं आहेत: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणपद्धतीत ठेवलं तर २१ बाइट जागा लागते. शिवाय पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि साठवली जाते नंतर. संगणकाला 'लांबी किती' विचारलंत तर तो ७ सांगतो आणि स्वतःपुरता तो बरोबरच असतो. तेव्हा आधी या चिन्हांची मोट बांधून त्यातून माणसाला कळणारं अक्षर तयार करायचं, लघु-गुरू त्यानंतर.

आता रामदासांची ओळ घ्या, 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे'. म लघु, ना गुरू. 'स' लिहिलाय ऱ्हस्व, पण पुढे 'ज्ज' आहे, म्हणून गुरू. ज्ज लघु, ना गुरू. 'भ' पुढच्या 'क्ति'मुळे गुरू. अशी १२ अक्षरं, लघु-गुरू-गुरू चार वेळा, चार य गण. भुजंगप्रयात. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी माझ्या आधीच बोटांवर मोजून मान डोलावली, बघा.

इथवर सोपं आहे. खरी गंमत 'तुझ्या'पाशी सुरू होते. 'झ्या' जोडाक्षर, म्हणजे नियमाप्रमाणे 'तु' गुरू. पण म्हणून बघा: तुझ्या. 'तु'वर आघात येतच नाही. तो लघुच राहतो. 'दुसऱ्या'मधल्या 'स'चंही तेच. व्याकरणाच्या पुस्तकात याला अपवाद दिलेला असतो: आघात येत नसेल तर लघु. आता आघात येतो की नाही हे अक्षरांकडे बघून कसं ठरवायचं? ते कान ठरवतो. त्यात कवींनी घेतलेल्या सवलती वेगळ्याच. गरजेनुसार ऱ्हस्वाचं दीर्घ करतात, आणि ओळीच्या शेवटचा लघु तर आपण सर्रास गुरू धरतो.

यावर दोन वाटा होत्या. एक, अपवादांची यादी करत बसायचं. ती मी थोडी केली आणि सोडली, कारण अशी यादी संपत नाही. दुसरी वाट मला जास्त आवडली. प्रोग्रामला प्रत्येक अक्षराचा निकाल तिथल्या तिथे लावायला सांगायचंच नाही. जिथे शंका असेल तिथे त्याने 'लघु किंवा गुरू' अशी खूण करावी आणि पुढे जावं. ओळ संपली की सगळ्या वृत्तांचे साचे तिच्यावर ठेवून बघायचे. चार अक्षरं शंकास्पद असली तर कागदावर १६ शक्यता होतात, पण कुठल्या तरी वृत्तात नीट बसणारी बहुधा एखादीच निघते. म्हणजे अक्षरांवरून वृत्त कळतं आणि मग वृत्तावरून उरलेली अक्षरं कळतात. कविता वाचणारा माणूस नकळत हेच करत असतो.

पुढे ऑफिसात एका फॉर्मच्या चर्चेत हे कामाला आलं. ग्राहकाला संदेश हवेत का, याला हो आणि नाही अशी दोनच घरं होती. ज्यांना कधी विचारलंच नाही ते सगळे 'नाही'मध्ये जाऊन बसत. मी 'विचारलेलं नाही' हे तिसरं घर मागितलं. डेटाबेसचं कुठलंही पुस्तक हे शिकवतं, मीही ते वाचलं होतं. अंगात मुरलं ते 'तुझ्या'मुळे. ऑफिसात तिकीट, म्हणजे नेमून दिलेल्या कामाची नोंद, बंद झालं की काम संपतं. घरी तिकीटच नसतं, त्यामुळे गोष्ट कळेपर्यंत तिच्यासोबत बसता येतं. छंद म्हणजे कामातून विसावा, असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. मला तर घरीच जास्त काम पडतं.

या बाबतीत सगळ्यांचे गुरू म्हणजे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ. १९७७ साली त्यांच्याच 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रितं हाती आली, अक्षरजुळणी आवडली नाही, म्हणून ग्रंथ बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला. तो म्हणजे 'टेक'. लवकर आटपेल असा अंदाज होता, दहा-बारा वर्षं गेली. त्याच्या आवृत्तीचा आकडा प्रत्येक दुरुस्तीगणिक एक अंक वाढून गणितातल्या 'पाय'च्या (π) जवळ सरकतो: ३.१४, ३.१४१ असा. हेच गृहस्थ ऑर्गनही वाजवतात. आणि त्यांच्या त्या ग्रंथमालेत आपलं छंदःशास्त्रही आहे!

'यमाताराजभानसलगं' आठवतंय? आठ गण लक्षात ठेवायची किल्ली. त्यात १० अक्षरं आहेत आणि कुठलीही लागोपाठची तीन घेतली की एक गण मिळतो: यमाता, मातारा, ताराज, असे आठच्या आठ, एकही दोनदा नाही. शेवटची दोन काढून उरलेली आठ गोलात मांडली तरी आठही गण मिळतात. गणितात अशा मांडणीला डच गणिती डी ब्रॉइन यांचं नाव आहे, त्यांचा निबंध १९४६चा. आपण ती नववी-दहावीत घोकली आणि पेपर झाल्यावर विसरलो.

हल्ली हमखास विचारतात, कोड यंत्रच लिहून देतं, मग तुम्ही कशाला डोकं घालता? जरूर लिहून घ्या. मीही घेतो. पण त्याने 'तुझ्या'तला 'तु' गुरू ठरवला तर ते चुकलं, हे कुणाच्या कानाला कळणार?

माझा प्रोग्राम सध्या ओवीपाशी अडलाय. जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वाथवँ यांच्या प्रकल्पात गोळा झाल्या आणि आता 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर वाचायला, काही ऐकायलाही मिळतात. कागदावर त्यांची अक्षरसंख्या दर ओळीला बदलते. ऐकलं की मात्र ओळी जात्याच्या फेऱ्यात बरोबर बसतात, कारण बाई हवा तो स्वर हवा तितका लांबवते. तेव्हा आता लिखित ओळ पुरणार नाही, आवाज मोजावा लागेल. ते कसं करायचं यावर तुमच्यापैकी कुणाकडे काही असेल तर प्रश्नोत्तरांत आधी तेच घेऊ.